सुभेदारांच्या घरचं रक्त

बी.एस्सी. झाल्यावर मला मिळालेली पहिली नोकरी आमच्या घरात कुणालाच धड समजली नाही. वडील सांगलीत हळदीच्या एका अडतीवर कामाला होते. संध्याकाळी घरी आल्यावर पिवळे हात साबणाने घासता घासता त्यांनी विचारलं, "म्हणजे तू खेड्यात जाऊन लोकांचं रक्त काढणार आणि ते मुंबईतलं मशीन वाचणार?"

"साधारण तसंच."

"का? डॉक्टरला वाचता येत नाही?"

आईचा आक्षेप मशीनला नव्हता, जीपला होता. तरण्या मुलीने परक्या माणसांबरोबर जीपमधून गावोगाव हिंडायचं हे तिला पटेना. शेवटी डॉक्टर स्वतः घरी चहाला येऊन गेले, आणि जीपचे ड्रायव्हर म्हणजे मिरजेचे एक वयस्कर चाचा आहेत, नमाज न चुकवणारे, सुना-नातवंडं असलेले, हे कळल्यावर तिने मान हलवली. तरी सुरुवातीला मी घरी आले की ती माझी पिशवी नाकाशी धरून बघायची. रक्ताचा वास येतो का, म्हणून.

डॉक्टर डोळ्यांचे होते. विलायतेत काही वर्षं काढून परत आलेले, बोलायला तुटक, पण रोग्याच्या डोळ्यात बघायला लागले की घड्याळ विसरणारे. कराड आणि विट्याच्या मधल्या एका गावातून त्यांच्याकडे कितीतरी वर्षं एकाच तऱ्हेचे रोगी येत होते. आधी दिवेलागणीनंतर दिसेनासं व्हायचं. माणूस तिशीत आला की दिवसाउजेडीही नजर आकसत जायची, नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढंच दिसायचं, आणि पुढे तेही जायचं. औषध नव्हतं. डॉक्टरांना दोन गोष्टी शोधायच्या होत्या. हा रोग एका पिढीतून दुसरीत कसा उतरतो, ही एक. दुसरी जरा अवघड होती. रक्तगटही आईबापांकडूनच मुलांकडे येतो. रक्तगट आणि रोग एकाच दोरीत ओवलेले असतील, तर मूल लहान असतानाच त्याचा रक्तगट बघून पुढचं सांगता येईल, असं त्यांच्या मनात होतं. पण त्यासाठी गावातल्या सगळ्या नात्यागोत्याचं गणित मांडायला हवं होतं, आणि ते हाताने मांडायचं तर डॉक्टरांचा उरलेला जन्म पुरला नसता. मुंबईच्या एका संस्थेत संगणक होता. त्यावर थोडा वेळ मिळवण्यासाठी डॉक्टरांनी बरेच उंबरे झिजवले होते. माझं काम असं, की घरोघर जायचं, नाती लिहून घ्यायची, दंडातून थोडं रक्त काढून बर्फाच्या थर्मासमधून सांगलीला आणायचं, आणि सगळ्याचे आकडे करून मुंबईला धाडायचे. तिथे त्या आकड्यांची भोकं पडायची, जाड कागदाच्या कार्डांवर. ती कार्डं मशीन गिळायचं.

खरं सांगायचं तर त्या मशीनवर माझाही विश्वास नव्हता. न बघितलेल्या गोष्टीवर तो कसा बसावा?

आणीबाणी लागून काही महिने झाले होते. जीप दिसली की खेड्यातल्या माणसांना एकच गोष्ट आठवायची, नसबंदी. आमची जीप सरकारी नव्हती, पण रंग तोच होता. आम्ही पहिल्यांदा गावात शिरलो तेव्हा पारावरची माणसं उठली आणि बघता बघता उसात दिसेनाशी झाली. नुसता पाला हलत होता. एक म्हातारा तेवढा जागचा हलला नाही.

"माजं आता काय कापणार तुमी?" तो म्हणाला. "मी बसलोय हितंच."

त्या दिवशी एकाही घराचं दार उघडलं नाही. पुढच्या खेपेपासून चाचा जीप ओढ्याच्या अलीकडेच लावायला लागले, आणि आम्ही चालत जायला लागलो. तरीही बायका दाराआडून म्हणायच्या, "घरात कुणी न्हाई." आणि आतून खोकल्याचा आवाज यायचा.

गावात शब्द चालायचा तो एका निवृत्त सुभेदारांचा. उसाची चांगली जमीन, नवं स्लॅबचं घर, धाकटा मुलगा फौजेत. डॉक्टर म्हणाले, ते तयार झाले तर गाव तयार होईल. म्हणून मी एके सकाळी त्यांच्या सोप्यात जाऊन बसले. त्यांनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग चौकशी सुरू केली.

"आमचं रगात त्या मशीनला पाजणार व्हय?"

"नाही. रक्त सांगलीलाच राहतं. मशीनला फक्त आकडे जातात."

"कसलं आकडं?"

"कुणाचा कोण, वय काय, डोळे कसे, रक्तगट कुठला, एवढंच."

"आन् नाव?"

"नाव जात नाही. प्रत्येकाला एक नंबर असतो."

सुभेदार हसले. "नंबर फौजेत मलाबी हुता, बाई. नंबरावरनंच माणूस हुडकून काडत्यात."

 मी तशीच उठायला लागले, तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "घिऊ द्या की त्येंना. डोळ्यांचं काय कळलं तर कळंल."

या बाईंना सगळं गाव सुभेदारीण म्हणायचं, मी मावशी म्हणायचे. त्या पुढे आल्या तेव्हा मी बघितलं, त्यांचा एक हात सारखा भिंतीला लागलेला होता. सकाळचं लख्ख ऊन होतं, तरी. रोग त्यांच्याकडूनच आला होता. त्यांच्या माहेरच्या घरांत तो होता, आणि त्या स्वतः कित्येक वर्षं संध्याकाळनंतर घराबाहेर पडत नव्हत्या. नवऱ्याला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं, असं त्यांनीच मला पुढे सांगितलं. त्यांच्या थोरल्या मुलाचे डोळे तर पूर्णच गेले होते. तो सोप्यात एका बाजूला बसून दोर वळत असायचा आणि मी बोलायला लागले की हात थांबवून ऐकायचा.

त्या घरातलं नातं मी असं लिहून घेतलं. थोरला मुलगा आंधळा. त्याची बायको माहेरी बाळंतपणात गेली, मूलही गेलं. धाकटा फौजेत, डोळे चांगले, तेव्हा सुट्टीवर आलेला. त्याची बायको आणि सात-आठ वर्षांचा मुलगा आधी त्याच्याबरोबर पठाणकोटला होते, आता गावी. मी सगळ्यांचं रक्त घेतलं. धाकटी सून दंड पुढे करताना तोंड फिरवून उभी राहिली होती. मला वाटलं, सुईला भिते.

सुभेदारांनी रक्त दिल्यावर बाकीची दारं उघडली. एकदम नाही. एकेक करून, चौकशा करकरून. कुणी विचारायचं, रक्त विकता का. कुणी विचारायचं, एवढ्या रक्तावरनं मूल होणं बंद करता येतं का. आणि सगळ्यांत जास्त खोटं लोक डोळ्यांबद्दल बोलायचे, कारण घरात लग्नाची पोरगी असायची. "आमच्यात कुणाला न्हाई," असं सांगणारा माणूस सूर्य मावळल्यावर मला निरोप द्यायला दाराबाहेर यायचा आणि पायरी चुकायचा. मी घरी परत येताना जीपमध्ये विचार करायचे, यातलं खरं किती आणि मी मशीनला काय घालतेय.

वर्षभराने मुंबईहून पहिला कागद आला. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, घडीवर घडी घातलेला, लांबच लांब. डॉक्टरांनी तो टेबलावर पसरला. काही घरांपुढे मशीनने फुली छापली होती.

"फुली म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे या घरांत मुलाचं रक्त आईबापांशी जुळत नाही." डॉक्टर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "बाटल्यांची अदलाबदल केलीस? का घरी बसून भरलंस?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी रडले नाही. त्या क्षणी मला डॉक्टरांचा, मशीनचा आणि मुंबईत ती भोकं पाडणाऱ्या माणसाचा, सगळ्यांचाच राग आला. मी म्हटलं, "मला तिथं जाऊन बघायचंय."

वडील बरोबर आले. रजा टाकून, धोतर बदलून, लग्नाला निघाल्यासारखे. संस्थेत मशीनच्या खोलीबाहेर चपला काढायला लावल्या तेव्हा ते खूश झाले. आत गारठा होता आणि लोखंडी कपाटं रांगेने उभी होती. वडिलांनी हात जोडले नाहीत एवढंच. भोकं पाडायचं काम पुरुष नाही, मुली करत होत्या, माझ्याच वयाच्या. मी माझ्या मूळ कागदांशी एकेक कार्ड ताडून बघायला बसले, तशी त्यातली एक मुलगी घुश्श्यात येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

"चूक माझी आहे असं वाटतंय ना तुम्हाला?" ती म्हणाली. "हा तुमचा आकडा वाचून दाखवा."

मी वाचला. "चार."

"मी आठ पाडलाय. कारण हा आठच दिसतोय."

घाईत मी कित्येक ठिकाणी मराठी आकडे लिहिले होते. मराठी चार इंग्रजी आठ झाला होता, मराठी एक इंग्रजी नऊ. आम्ही दोघींनी मिळून ती कार्डं पुन्हा पाडली. ती माझ्यापेक्षा जास्त हसली. पुन्हा मशीन चाललं आणि फुल्या गळाल्या. एक सोडून.

ते सुभेदारांचं घर होतं. धाकटा मुलगा 'ओ' गटाचा, त्याची बायको 'ओ' गटाची, आणि मुलगा 'बी'. दोघेही 'ओ' असतील तर मूल 'बी' होत नाही, हे तर मी कॉलेजात शिकले होते. आकडे बरोबर होते, कार्डं बरोबर होती. मी त्या घराचा कागद पुन्हा वरून खाली वाचला आणि थोरल्या, आंधळ्या मुलाच्या ओळीवर माझं बोट थांबलं. तो 'बी' होता.

परतीच्या गाडीत वडील म्हणाले, "गप्प का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. मला दिसत होती ती धाकटी सून, तोंड फिरवून उभी राहिलेली. पठाणकोटला जाण्याआधी ती गावीच असणार, नवरा वर्षातून एकदा येणार. दीर घरात. मला तो विचार नको होता, पण तो बाजूला सरकेना.

डॉक्टरांचा माझ्यावरचा संशय गेला नव्हता. ते म्हणाले, त्या तिघांचं रक्त पुन्हा आण. काय सांगू, असं मी विचारलं. "सांग, बाटली फुटली."

मी गेले तेव्हा धाकटा मुलगा पुन्हा सुट्टीवर आलेला होता. "बाटली फुटली" हे मी जितक्या सहज म्हणता येईल तितक्या सहज म्हटलं. 

"आमच्याच घरची?" सुभेदार म्हणाले. "गावातल्या दुसऱ्या कुणाचीच न्हाई?"

"तिघांचीच. एका खणात होती."

धाकटा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. उंच, पोलादी अंगाचा माणूस. "बाई, काय घावलंय तुमच्या मशीनला?"

"काही नाही."

"मग परत कशापायी आलासा?"

त्याची बायको माजघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात परात होती, ती तिने खाली ठेवली. मला वाटलं, आता या घरात माझ्यामुळे काहीतरी भयंकर होणार. मी पुन्हा बाटलीचंच सांगितलं. शेवटी दोर वळणारा थोरला म्हणाला, "घिऊ द्या. फुटली असंल." त्याच्या बोलण्यावर धाकट्याने बाही वर केली. रक्त काढून होईपर्यंत त्याने माझ्यावरची नजर काढली नाही. ओढ्यापर्यंत मी जवळजवळ पळतच आले. चाचांनी विचारलं, "बेटी, कुत्रा लागला क्या पीछे?"

दुसऱ्यांदाही तेच आलं. ओ, ओ आणि बी.

डॉक्टर कागदाकडे बघत बसले. आता त्यांचा संशय माझ्यावरून उठून जिथे माझा होता तिथेच गेला असावा. दोघांपैकी कुणीच तो बोलून दाखवला नाही. ते म्हणाले, "हे आपल्याला ठाऊक नाही. समजलं?" मी मान हलवली.

पण गोष्ट आमच्या हातात राहिली नाही. थोड्याच दिवसांनी सुभेदारीण आणि धाकटी सून मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. डोळे दाखवायला, असं म्हणाल्या. डॉक्टरांनी मुलाला चाचांबरोबर बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. मावशी बाकावर बसल्या. सून उभीच राहिली.

"मशीननं काय सांगितलं?" मावशींनी विचारलं.

"काही विशेष नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग ही बाई माज्या सुनंकडं बगंना कशापायी?" त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "मला कमी दिसतंय, पर येवढं दिसतंय."

 सुनेचा चेहरा लाल झाला होता. ती रडत नव्हती, संतापली होती.

"तुमास्नी काय वाटतंय ते मला त्याच दिशी कळलं," ती मला म्हणाली. "थोरल्या भावजींच्या म्होरं मी कदी पदर ढळू दिला न्हाई. आन् तुमी..."

मग मावशींनी सांगितलं. थोरल्याची बायको माहेरी बाळंतपणात गेली हे खरं होतं. मूल गेलं नव्हतं. थोरल्याची नजर तेव्हा जायला लागली होती, लोक बोलायला लागले होते. आंधळ्याचा पोरगा म्हणून वाढला तर त्याला फौजेत कोण घेणार, मुलगी कोण देणार? सुभेदारांनी विचार केला, विहिणीला हात जोडले, आणि मूल गेलं असं गावात सांगितलं. धाकटा तेव्हा पठाणकोटला कुटुंब घेऊन राहत होता. लग्नाला थोडेच दिवस झालेली ही सून. सुभेदार स्वतः रेल्वेने ते तान्हं मूल घेऊन गेले आणि तिच्या ओटीत घातलं. तीन वर्षांनी ती गावी परत आली ती आपला मुलगा घेऊन. गावाने नाव विचारलं, बारसं विचारलं, दुसरं काही विचारलं नाही.

"ह्येच्या बापालाबी ठाव हाय, काकालाबी ठाव हाय," मावशी म्हणाल्या. "फकस्त पोराला न्हाई. धाकट्याला त्या दिशी काय वाटलं, तुमच्या मशीननं बोंब मारली, आता गावात बोभाटा हुनार."

म्हणजे तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला होता तो बायकोच्या संशयाने नव्हे. त्याचा संशय माझ्यावर होता. आणि बरोबर होता.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्या गणितातलं मी वर्षभर शिकले होते, त्यामुळे ते काय विचार करत होते ते मलाही कळत होतं. त्या गावच्या घरांत एक गोष्ट बऱ्यापैकी स्पष्ट दिसायला लागली होती. ज्याला रोग नाही त्याच्या मुलांत तो उतरत नव्हता. ज्याला आहे त्याच्या साधारण निम्म्या मुलांत उतरत होता. मुलगा धाकट्याचा म्हणून लिहिलेला होता तोवर त्याला भीती नव्हती. थोरल्याचा असेल तर नाणं उडवल्यासारखं होतं.

"त्याला बोलवा," ते म्हणाले.

मुलाच्या डोळ्यांत थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत बसवलं, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत थांबलो. मावशी त्या अंधारात अगदी सहज बसल्या होत्या, अंधाराची त्यांना सवयच होती. डॉक्टरांनी खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, "आत्ता काही नाही. पण या वयात दिसत नाही म्हणजे नाहीच, असं म्हणता येत नाही. दर वर्षी आणायचं."

"मंजी हाय का न्हाई?" सुनेने विचारलं.

"माहीत नाही."

ती माझ्याकडे वळली. "एवढं रगात नेलं, एवढं मशीन, आन् म्हाईत न्हाई?"

त्यानंतर आठवड्याभरात सुभेदार आले. त्यांचं म्हणणं एकच होतं, पोरगा थोरल्याखाली लिहायचा नाही. डॉक्टर म्हणाले, खोटं ठेवलं तर सगळ्या गावाचं उत्तर चुकेल. नाव कुठेच नाही, नुसता नंबर आहे.

"नंबराचं मी बाईंना पयल्या दिशीच सांगितलं हुतं," सुभेदार म्हणाले. "लिवायचं आसंल तर खरं लिवू देणार न्हाई, आन् खोटं तुमास्नी चालत न्हाई. मग आमचं घरच काडा."

डॉक्टर चिडले. त्यांचा आवाज मी तेवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. एवढ्या मोठ्या घराचा, तीन पिढ्यांचा, रोग असलेल्या दोन माणसांचा पुरावा त्यांच्या हातातून जात होता. सुभेदार जागचे हलले नाहीत. शेवटी डॉक्टरांनी पेन्सिल घेतली आणि माझ्यासमोर त्या घरावर रेघ मारली. मुंबईला पत्र पाठवून ती कार्डं काढून घेतली.

त्या दिवसापासून त्यांचा बाकीच्या घरांवरचाही भरवसा उडाला. "एका घरात रक्ताने खोटं पकडलं," ते म्हणायचे. "रक्त योगायोगाने जुळलं अशी किती घरं असतील?" मी पुन्हा गावात गेले, बायकांना एकेकट्या गाठून विचारलं. काहींनी डोळ्यांचं खरं सांगितलं, काहींनी पुन्हा दार लावलं.

त्याच सुमारास मलकापूरहून एक गृहस्थ आमच्या घरी आले. माझ्या वडिलांशी ओळख काढत, पेढ्यांचा पुडा ठेवत. आमच्या कामाच्या गावातली एक मुलगी त्यांच्या मुलाला सांगून आली होती. "तुमच्या मुलीकडं सगळ्या घरांचं लिहिलेलं असतंय म्हणे," ते हळूच म्हणाले. "नुसतं हो का नाही, एवढंच सांगू दे." मी आतल्या खोलीत ऐकत होते. वडिलांनी त्यांना चहा दिला, चहा पिऊन होईपर्यंत पावसापाण्याचं बोलले, आणि उठताना पुडा परत त्यांच्या हातात ठेवला. "माझ्या मुलीला त्यातलं काही कळत नाही," म्हणाले. "सगळं मशीनला कळतं."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं की दवाखान्याच्या कपाटातल्या मूळ कागदांवर नावं आहेत, आणि त्या कपाटाला साधं कुलूप आहे. मला वाटलं होतं ते रागावतील. ते म्हणाले, "कात्री आहे?" आम्ही दोघांनी कागदांवरच्या नावांच्या पट्ट्या कापल्या. कापता कापता माझ्या मनात येत होतं, हे आधी का नाही केलं? पट्ट्या मी पिशवीत भरून घरी आणल्या आणि सकाळी बंबात घातल्या. वडिलांनी त्या पाण्याने अंघोळ केली.

गणिताचं शेवटी फारसं काही झालं नाही. रक्तगट आणि रोग एका दोरीत ओवलेले आहेत असं मशीनने म्हटलं नाही. नाहीत असंही ठामपणे म्हटलं नाही. संगणकावरचा वेळ संपला, अनुदान संपलं. रोग कसा उतरतो ते मात्र कळलं, आणि डॉक्टर पुढे रोग्यांना ते सांगत राहिले. ज्यांचे डोळे चांगले होते अशा काही घरच्या मुलींची त्यामुळे लग्नं झाली. काहींची मोडलीही. मी बी.एड. करून कराडला शाळेत लागले.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा कराडच्या एसटी स्टँडवर मला सुभेदारांची धाकटी सून भेटली. सासू गेल्याचं तिने सांगितलं. मी मुलाचं विचारलं.

"त्याला कळलं," ती म्हणाली. "थोरल्या भावजींनीच सांगितलं. मळ्याकडं जाताना. ह्यो त्येंची काठी धरून पुडं चालतूय, आन् त्येंनी मागनं सांगून टाकलं. कुणाला इचारलंबी न्हाई."

"मग?"

"तसाच चालत ऱ्हायला म्हनं. मग म्हनला, आता तुमाला काय म्हनू? भावजी म्हनले, काकाच म्हन, सवय हाय." ती हसली. "मला घरला येऊन कायबी बोलला न्हाई. जेवला. मीच रातभर जागी हुते."

तिची विट्याची गाडी लागत होती. तिने पिशवी उचलली, आणि मग परत खाली ठेवली.

"डॉक्टर यंदाबी म्हनले, डोळं चांगलं हायती."

"छानच की."

"खरं सांगत्यात न्हवं ते? का पोरगं म्होरं हुतं म्हनून?"

"खरंच सांगतात," मी म्हटलं. "मी त्यांना ओळखते."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली; 'बाटली फुटली' हेही तिने याच तोंडून ऐकलं होतं. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा ती वळली, पायरीवर चढून आत गेली, आणि खिडकीशी बसल्यावरही तिने पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं.